पत्ता पुसणारं यंत्र

धाकटीचा फोन आला तेव्हा ती बाथरूमला आतून कडी लावून बसली होती.

"ताई, तो आलाय. शेजारच्यांचं दार बडवतोय."

ताई सायबर शाखेत निरीक्षक होती. ती पोचेपर्यंत धाकटीचा नवरा पसार झाला होता. याच माणसाने धाकटीचं मनगट मोडलं होतं. कोर्टाने त्याला तिच्याजवळ फिरकायला बंदी घातली होती, तरी ती गाव, नोकरी, नंबर सगळं बदलून इथे लपली होती. आता पुन्हा पळायचं, की सापडून मरायचं, एवढंच तिच्या हाती उरलं होतं. ताईच्या मनात मात्र तिसरंच शिजत होतं. तिला तो माणूस हवा होता, आणि त्याला पत्ता देणारा तर त्याहून जास्त.

"पण शेजारचंच दार का बडवलं?" ताईने विचारलं.

धाकटी ओशाळली. बँकेला आणि घरमालकाला तिने खरा पत्ता दिला होता. फक्त एका ठिकाणी, भीतीपोटी, शेजारचा नंबर टाकला होता. ती एक सेवा होती. आपलं नाव-पत्ता ज्या ज्या कंपन्यांकडे साठलाय, त्या सगळ्यांना 'ही माहिती पुसून टाका' अशी विनंती तिथलं यंत्र आपोआप धाडायचं. दिराने सुचवलं होतं. सासरी तेवढा एकच जण तिच्या बाजूने बोलायचा.

बातमी कळताच दीर ताईच्या कचेरीत धावत आला, धाकटी तिथेच बसली होती. "वहिनी, पत्ता मला सांगूच नका, मला ठाऊक नसलेलाच बरा. पण घर बदला, आणि नवा पत्ता त्या सेवेला लगेच कळवा. नाहीतर विनंत्या अडकतील." धाकटीला भरून आलं. ताईने त्याला चहा पाजला.

मग तिने सेवेच्या मालकाला समोर बसवलं.

"गिऱ्हाइकांची माहिती कोण बघतं?"

"कुणीच नाही, मॅडम. माणसाचा हातच लागत नाही." हे तो अभिमानाने सांगत होता.

"विनंतीत काय असतं?"

"नाव, फोन, सध्याचा पत्ता. कुणाला पुसायचं ते कंपनीला कळायला नको?"

"म्हणजे ज्यांना पत्ता ठाऊक नव्हता, त्यांनाही तो तुम्हीच कळवता?"

मालकाने पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"नवी कंपनी यादीत कोण घालतं?"

"ती स्वतःच. साइटवर नोंदणी केली की यंत्र तिलाही सगळ्यांच्या विनंत्या पाठवतं."

"आणि ती खरी की खोटी, हे कोण तपासतं?"

मालक घाईघाईने यादी उघडून नावं चाळायला लागला. चोराच्या हाती किल्ल्या देऊन वर पोच मागणारं यंत्र त्याने बनवलं होतं.

ताईने त्याच्याकडून एक काम करून घेतलं. त्याच आठवड्यात नवऱ्याने पुन्हा एक दार बडवलं. दार उघडलं ते बनियनवरच्या धिप्पाड हवालदाराने. नवऱ्याच्या खिशात चाकू सापडला.

भावाला सोडवायला दीर आला, तेव्हा कचेरीत धाकटी आणि मालकही बसले होते. ताईने शांतपणे सांगायला घेतलं.

"शेजारचं दार बडवलं, तेव्हाच कळलं की पत्ता या सेवेतून फुटला. म्हणून धाकटीचा 'नवा पत्ता' यादीत हल्लीच शिरलेल्या कंपन्यांना पाठवला, पण प्रत्येकीला वेगळा. सगळी दारं पोलीस वसाहतीतली, मागच्या, पाटी नसलेल्या इमारतीतली. तुझा भाऊ ज्या दारावर गेला, ते एकाच कंपनीला कळवलं होतं. तिच्याकडे ना ऑफिस, ना नोकर. तिची नोंद तुझ्या नावावर आहे. सेवा सुचवलीस तूच, पत्ता लगेच कळव असं बजावलंसही तूच. विचारायची गरजच नव्हती, यंत्र घरपोच आणून देत होतं."

 दीर ताईकडे नाही, धाकटीकडे वळला. "वहिनी, भाऊ आहे तो माझा. रोज रडायचा. मला वाटलं, समेट होईल. माझी नोकरी जाईल हो. माझं नाव तेवढं यातून काढायला सांगा."

ताईला त्याच्या मुस्काटात द्यायची होती. पण आज पाळी धाकटीची होती.

"तुमची विनंती मिळाली, भावोजी," धाकटी म्हणाली.

मग तिने वाकडं जुळलेलं मनगट टेबलावर ठेवलं आणि तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदाराला सांगितलं, "लिहा. पहिलं नाव यांचंच."