शेवटच्या दिवशीचा अर्ज

"हरकत कुणावर घेताय?"

पालिकेच्या अपील कक्षाबाहेर मी गुडघ्यावर अर्ज ठेवून बसले होते आणि पेन चालत नव्हतं. बाकावरच्या तरुणानं स्वतःचं पुढं केलं. काखेत नकाशांची गुंडाळी, बाहीवर शाई.

"शेजाऱ्यांवर. परवा जागा घेतली, लगेच आमच्या खिडकीला खेटून दोन मजले! पालिकेनं नाही म्हटलं, तर गेले अपिलात. पण शेजाऱ्यालाही बोलायचा हक्क असतो... पंधरा दिवसांत अर्ज दिला तर."

"माणसं कशी आहेत?"

"एक नंबरची आडमुठी!"

"बरोबर ओळखलंत. माझे वडील आहेत ते. मजल्यांचे नकाशे मीच काढलेत."

अगं बाई! कान असे तापले माझे...

दुसऱ्या दिवशी तो खिडकी बघायला आला. बाबा रफू करतात. "दिव्याखाली सगळे निळे सारखेच दिसतात," ते म्हणाले आणि दोन धागे उजेडात धरले. त्यानं धाग्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे... बराच वेळ.

"इकडे काय बघताय?"

"उजेड."

झालं! मी गेले कामातून.

मग रोज काहीतरी निमित्त. कधी चहा, कधी उगाच नदीपर्यंत चालणं. अर्ज माझ्या पर्समध्येच.

"देऊ नकोस," तो म्हणाला. "तू हरकत घेतलीस की वडील हट्टाला पेटतील. मीच भिंत सहा फूट मागं घेतो. विश्वास नाही माझ्यावर?"

होता ना! पंधराव्या दिवशी संध्याकाळचे पाच वाजले तेव्हा माझा हात त्याच्या हातात होता. कक्ष बंद झाला.

सुनावणीत त्यानं नकाशा उलगडला. भिंत जागच्या जागी.

मी ताडकन उठले. "साहेब, आमची खिडकी—"

"अर्ज आहे तुमचा? मुदतीत नाही, तर ऐकता येणार नाही. बसा."

मी त्याच्याकडे पाहिलं. एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं. त्यानं मान खाली घातली. साहेबांनी लिहिलं, शेजाऱ्यांची हरकत नाही. अपील मंजूर.

जिन्यात तो मागं धावत आला. "वडिलांना सांगायचं धाडसच झालं नाही गं. पण प्रेम खरं आहे... शप्पथ!"

"असेल. भित्र्या माणसाचं प्रेम घेऊन मी काय करू?"

त्याचं पेन माझ्याकडेच होतं. ते त्याच्या हातात ठेवलं आणि उतरले. घरी येईपर्यंत रडले नाही. नंतर खूप रडले. अजूनही भिंतीपलीकडून त्याची हाक ऐकू आली की जीव गोळा होतो, लाज नाही मेल्या जिवाला.

आता खिडकीबाहेर नुसत्या विटा आहेत. बाबा धागे घेऊन रस्त्यावर जातात, रंग बघतात, परत येतात. काल कुणाच्या तरी कोटावर चुकीचा निळा बसला. उसवता उसवता त्यांनी विचारलं,

"तू वेळेत अर्ज दिला होतास ना गं?"

तोंडाशी आलं होतं सगळं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, आणि...

"दिला होता, बाबा. त्यांनी ऐकलंच नाही."