तळपायावरची तीट

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. लीला माझी मावसबहीण. बी.ए. झालेली, भुताखेतांना हसणारी.

१९७२ची थंडी. वेल्ह्याकडं घाटरस्त्याचं काम चाललं होतं. लीलाचे यजमान, आनंदराव, तिथं बुलडोझर चालवायचे. सहा महिन्यांच्या मुलीला घेऊन दोघं कामावरच्याच पत्र्याच्या खोलीत राहायची.

डोझरचं तेलपाणी म्हातारा रखमाजी बघायचा. पहाटे, इंजिन गार असताना. इंजिनातलं तेल मोजायची पट्टी ओढायची, पुसायची, पुन्हा बुडवून काढायची, मग खूण बघायची.

"येकदा वढून भागत न्हाई, वैनी. पैली पट्टी खोटं बोलती."

मग त्याच तेलाचं बोट पोरीच्या तळपायाला.

लीला चिडायची. "रखमाजी, घरात काजळ आहे! तुमचं घाण तेल नको."

"काजळ मान्साच्या नजरंला, वैनी. ह्ये मशिनीच्या."

मार्गशीर्षात रखमाजी तापानं गेला.

पाचव्या दिवशी पहाटे लीलाला जाग आली. आनंदराव शेजारी घोरत होते.

बाहेर डोझरपाशी आवाज झाला... खस्स.

मग शांतता. कुणीतरी काहीतरी पुसावं, इतकीच.

पुन्हा... खस्स.

दाराची कडी आतून होती. तिनं दिवा पोरीपाशी नेला.

तळपायावर काळा ठिपका... ओला.

"माझ्या कपड्याचं लागलं असेल गं," आनंदराव म्हणाले. तिनं साबणानं घासून काढला. दुसऱ्या पहाटे पुन्हा होता. तिसऱ्याही.

आणि एक दिवस... आवाजच आला नाही.

तळपाय स्वच्छ.

आनंदराव तोवर डोझरवर चढलेसुद्धा होते. लीला पोरीला काखोटीला मारून अनवाणी धावली.

"अहो, थांबा! आधी पट्टी बघा!"

"काल संध्याकाळी बघितलीय. साहेब बोंबलतोय तिकडं."

"माझ्यासाठी बघा."

ते पुटपुटत उतरले. पट्टी ओढली. वरच्या खुणेपर्यंत काळी.

"झालं समाधान बाईसाहेबांचं?"

"पुसा. पुन्हा बुडवा."

दुसऱ्यांदा पट्टी वर आली... कोरडी ठक्क.

इंजिनाच्या तळाचा, तेल सोडायचा बोल्ट दगडानं उचकटला होता. तेल रात्रभर मातीत मुरलं होतं; पहिल्या पट्टीवर दिसलं ते कालचं चिकटलेलं. आणि त्या दिवशीचं काम होतं कड्याच्या अगदी टोकावर. चढावर इंजिन जाम झालं असतं तर...

आनंदरावांनी पोरीला लीलाकडून आपल्याकडं घेतलं.

दुसऱ्या पहाटे तीट परत आली. लीलानं पुसली नाही.

चैत्रात आनंदरावांना दुसऱ्या गावी, वरव्याला काम लागलं. नवी खोली, नवा डोझर.

पहिल्याच पहाटे लीला कान देऊन बसली...

काही नाही.

तळपाय स्वच्छ.

आनंदरावांनी पट्टी दोनदा बुडवली. तेल खुणेला बरोबर होतं. "बघ, उगाच घाबरतेस. म्हातारा तिकडंच राहिला."

असेल.

त्याला आता सहा वर्षं झाली, पोर शाळेत जाते. लीला अजून रोज पहाटे तिचा तळपाय बघते. रोज स्वच्छच असतो.

आणि आनंदराव घरी येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नाही.