जिभेखालची हाक

शनिवारी सकाळी साडेपाचला बाईंनी सायकलच्या दोन्ही चाकांतली थोडी थोडी हवा सोडली. वाळूत आणि खडकात चाक जरा मऊ असलेलं बरं. मग पाण्याच्या तीन बाटल्या भरल्या, थोडा विचार करून चौथीही भरली, आणि झोपलेल्या नवऱ्याच्या उशाशी चिठ्ठी ठेवली. ‘जाते आहे. दिवेलागणीपर्यंत येईन. कुकर लावून ठेवा.’ आज आपण नक्की काय करायला निघालो आहोत ते त्यांनी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर नवरा उठून बसला असता, आणि तो उठून बसला की बाईंचं उसनं अवसान गळालंच म्हणून समजा.

बाई म्हणजे शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई, वय बेचाळीस. वर्गात त्या नुसत्या चष्मा काढून बघायला लागल्या की चाळीस पोरं चिडीचूप होत. अशा या बाई दर शनिवारी गुडघ्याला पट्टे बांधून वाळवंटातल्या खडकांवरून सायकल हाकतात, हे पोरांना सांगून खरं वाटलं नसतं.

बरोबर तिघे असत. बाईंचा धाकटा भाऊ मिस्त्री. त्याचं सायकली दुरुस्तीचं दुकान होतं आणि नखांतलं ग्रीस त्याच्या लग्नातही निघालं नव्हतं. दुसरी बेकरीवाली. ती रोज पहाटे तीनला भट्टी पेटवायची, त्यामुळे बाकीच्यांची सकाळ ही तिची दुपार. आणि तिसरे डॉक्टर. हे भूल देणारे डॉक्टर. दिवसभर माणसं झोपवायचं काम, त्यामुळे जागा माणूस भेटला की त्यांच्या तोंडाला खळ नसे. त्या दिवशी मात्र सर्दीने त्यांचा घसा बसला होता.

“देव आहे म्हणायचा,” जीपमध्ये बसता बसता बेकरीवाली म्हणाली.

“बसला असला तरी बंद नाही पडलेला,” डॉक्टर घोगऱ्या आवाजात म्हणाले, आणि पुढचा दीड तास त्यांनी ते सिद्ध करून दाखवलं.

सगळे हसत होते, बाईही हसत होत्या, पण त्यांचं लक्ष बोलण्यात नव्हतं. कारण आज जीभ उतरायची होती.

जीभ म्हणजे एक लांबलचक लाल खडक. डोंगराच्या खिंडीतून वाळवंटाने जीभ बाहेर काढून दाखवावी तसा तो खाली उतरत गेलेला. वरून खालचं दिसत नाही, मध्ये एक बाक आहे. म्हणून या चौघांनी एक रीत पाडली होती. एकाने उतरायचं, खाली पोचून बाजूला व्हायचं आणि ओरडायचं, “मोकळं!” ती हाक ऐकल्याशिवाय वरच्याने ब्रेकवरचं बोट हलवायचं नाही. शेवटचा उतरला की हाकेचं काम संपलं, कारण त्याच्यामागे येणारं कोणी नसतं.

गेल्या वर्षी मिस्त्रीने बाजूला व्हायच्या आधीच “मोकळं!” म्हणून हाक दिली. उत्साह, दुसरं काय! बाई बाक वळून खाली आल्या तर समोर भाऊ. त्याला वाचवायला त्यांनी सायकल कपारीत घातली. खांद्याचं हाड मोडलं, ते सहा आठवड्यांत जुळलंही. भाऊ मात्र जुळला नाही. दुकानात गप्प, घरी गप्प, आणि हाक द्यायची वेळ आली की दुसऱ्याकडे बघायचा. गेल्या महिन्यात त्याने सांगूनच टाकलं, “ताई, हे शनिवार आता पुरे.” बाई म्हणाल्या होत्या, “मला एकदा जीभ उतरू दे. नाही उतरले तर मीच सायकल शाळेतल्या शिपायाच्या मुलीला देऊन टाकते, मग तूही मोकळा नि मीही.”

तेव्हा आज एवढं सगळं पणाला लागलं होतं, आणि हे चौघांनाही ठाऊक होतं, म्हणून त्यावर कोणी बोलत नव्हतं.

सकाळ मोठी झकास गेली. कोरड्या नदीच्या पात्रातून चौघे एकामागे एक भरधाव सुटले. दगडांच्या पायऱ्यांवर बेकरीवाली दोनदा पडली आणि दोन्ही वेळा पडल्या पडल्याच हसत सुटली. डॉक्टर एका निवडुंगाला घासून गेले, मग अर्धा तास त्यांच्या पाठीवरचे काटे चिमट्याने काढण्यात गेला. “भूल देऊ का?” मिस्त्री म्हणाला. कित्येक दिवसांनी त्याने थट्टा केली होती. बाईंनी मान फिरवून डोळे पुसले आणि वाळू गेली म्हणाल्या.

अकराच्या सुमाराला ते जिभेच्या वरच्या टोकाला पोचले. वारा पडला होता. एवढं ऊन की सावल्या पायाखाली गोळा झालेल्या. इतका वेळ कानांत चाकांचा आवाज होता, तो थांबल्यावर ती शांतता एकदम अंगावर आली.

“मी शेवटी उतरणार,” बाई म्हणाल्या. “वर उभं राहून कोणी माझ्याकडे बघायचं नाही. तुम्ही बघितलंत तर माझे हातपाय गळतील.”

मिस्त्री गेला. बराच वेळ काही नाही, मग खालून अडखळत हाक आली, “मो... मोकळं!” बेकरीवाली गेली. डॉक्टर गेले. खालून पुन्हा हाक आली, आता बाईंच्या नावाची. एवढ्या लांबून ती कुणाची ते कळत नव्हतं.

बाई एकट्या राहिल्या. पुढचं चाक खडकाच्या कडेला लावून त्या बसल्या आणि बसूनच राहिल्या. बोटं ब्रेकवर अशी आवळली गेली की सोडता सोडवेनात.  डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, भीती वाटली की दहापासून उलटं मोजा, माझा एकही पेशंट सहाच्या पुढे गेलेला नाही. बाई एकपर्यंत जाऊन आल्या, दोनदा.

तेवढ्यात मागे सायकलच्या मोकळ्या चाकाची बारीक टकटक ऐकू आली. टक... टक... टक... आणि थांबली. अगदी खांद्यामागे. तापल्या मातीचा वास आला.

“बोटं सैल करा,” घोगरा आवाज म्हणाला.

डॉक्टर! म्हणजे हा गृहस्थ खाली गेलाच नव्हता. कुठल्या तरी शिळेमागे लपून राहिला होता, बाईंवर लक्ष ठेवायला. बाईंना राग आला आणि त्याहून जास्त बरं वाटलं. मागे वळून बघायची सोय नव्हती. खडकाच्या कडेवर मान वळवली की तोल गेलाच.

“बघायचं नाही म्हटलं होतं ना मी?”

“बघत नाही... मी नुसता थांबलोय.” आवाज फारच कोरडा होता. घसा पार गेलेला दिसत होता बिचाऱ्याचा. “नजर खडकावर नको. खडक संपतो तिथे. ब्रेक सोडा... आता.”

आणि बाईंनी ब्रेक सोडला.

पुढचं सगळं वीस सेकंदांत झालं, पण बाई ते जन्मभर सांगतील. चाक खडकाला चिकटून सुटलं. बाक आला. गेल्या वर्षीची कपार उजवीकडून निघून गेली, त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. छातीतून काहीतरी वर आलं, त्यांना वाटलं किंकाळी असेल, पण ते हसू होतं. गणिताच्या बाई तोंड वासून, मोठ्याने, लहान मुलीसारख्या हसत खाली आल्या, वाळूत अर्धी गिरकी घेऊन थांबल्या, शिस्तीत बाजूला झाल्या आणि रीतीप्रमाणे वर तोंड करून ओरडल्या, “मोकळं! या!”

मिस्त्री धावत आला. त्याने ताईला सायकलसकट मिठी मारली. तो रडत होता, आणि ते लपवतही नव्हता. बेकरीवाली टाळ्या पिटत होती. डॉक्टर हेल्मेट उंच फेकून झेलत होते.

डॉक्टर?

बाईंचं हसू अर्ध्यावर राहिलं. “तुम्ही... तुम्ही वर होता ना?”

“मी? मला येऊन दहा मिनिटं झाली. तुम्हाला ‘बाई, मोकळं’ म्हणून हाक मीच मारली.”

“ताई,” मिस्त्री हळूच म्हणाला, “तू शेवटची होतीस. मग आत्ता ‘या’ कुणाला म्हणालीस?”

 बाईंना उत्तर द्यायची गरजच पडली नाही. वरून टकटक ऐकू आली होती.

टकटक थांबली, म्हणजे पायडल मारलं. मग खडकावर रबराची सळसळ, वरून बाकापर्यंत, बाकापासून खाली, वाढत, वाढत... चौघे एकमेकांना धरून उभे. खडकावर काहीही नव्हतं. स्वच्छ लाल खडक, आणि त्यावरून आवाज उतरत होता. तो त्यांच्यामधून गेला. भट्टीचं दार उघडावं तशी झळ लागली, असं बेकरीवाली नंतर म्हणाली, आणि तिच्याइतकं ते कोणाला कळणार? पुढे वाळूवर सळसळ लांब गेली, आणि लांबून एक आरोळी आली. आनंदाची. फार दिवस अडकून पडलेला माणूस सुटावा तशी ती आरोळी होती.



“वारा,” डॉक्टर अखेर म्हणाले. बाटलीचं झाकण त्यांना लावता येत नव्हतं. “खडकाच्या फटीतून असा... हे होतं कधी कधी.”

“पाचावर धारण बसलीय तुमची,” बेकरीवाली म्हणाली, आणि स्वतःच इतकी हसली की बाकीच्यांनाही आवरेना. भीती आणि हसू एकाच वेळी आलं की माणूस वेड्यासारखा हसतो, तसे ते हसले.

“हाकेची वाट बघत होता बिचारा,” बाई म्हणाल्या. “कोणी ‘मोकळं’ म्हणालंच नसेल त्याला.” त्यांना स्वतःच्याच धिटाईचं नवल वाटत होतं. जीभ उतरलेल्या बाईला आता कशाची भीती? “मला उतरवलं त्याने. नाहीतर मी अजून वरच बसले असते.”

“मग बोलवा त्याला चहाला!” डॉक्टर म्हणाले.

बाईंनी तोंडाभोवती हात धरले आणि सगळ्या वाळवंटाला ऐकू जाईल असं ओरडल्या, “आभारी आहे हो! या एकदा घरी!”

परतीच्या वाटेवर पुढे मिस्त्री होता. प्रत्येक उताराच्या तळाशी तो छाती फुगवून “मोकळं!” म्हणून ओरडत होता, आणि ताईला ते गाण्यापेक्षा गोड लागत होतं. पुढच्या शनिवारचं ठरलं, त्याच्या पुढच्याचंही ठरलं.

दिवे लागायच्या वेळेला जीपने बाईंना घरापाशी सोडलं. कुकरची शिट्टी जिन्यातूनच ऐकू आली. नवऱ्याने दार उघडलं, खांद्यावर पंचा, चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं.

“जीभ उतरलीस म्हणे! मला सांगायचं तरी होतंस!”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तुमच्यातल्याच पाहुण्यांनी. आधीच आलेत. तूच बोलावलंस ना? फार भला माणूस. तुझी इतकी तारीफ केली की मला भरून आलं.” नवऱ्याने आवाज खाली आणला. “पण उन्हाने अगदी वाळून गेलेत गं. चहा नको म्हणाले, पाणी द्या. माठ संपला. मग फिल्टर संपला. तरी तहान भागेना. हात-तोंड धुतो म्हणून बाथरूममध्ये गेले, त्याला झाला अर्धा तास.”

बाई पॅसेजमध्ये गेल्या. बाथरूमचं दार लोटलेलं होतं, आत दिवा नव्हता. नळ पूर्ण सोडलेला होता, त्याची धार स्पष्ट ऐकू येत होती. बादलीत किंवा फरशीवर पाणी पडल्याचा आवाज मात्र येत नव्हता.