तीस पावलांवरचं सांबर

माजावर आलेलं सांबर तीस पावलांवरून बघायचं, एवढ्यासाठी आम्ही निघालो होतो. शिकार नाही, फोटोसुद्धा नाही. नुसतं बघायचं! बघणार होते माझे काका, तात्या. वय शहात्तर, देवासच्या शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. नेणारा मी, मयुरेश, पीथमपुरात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातला इंजिनिअर.

शिकारीला बंदी नव्हती त्या काळात, चौदाव्या वर्षी, तात्या सतवासपलीकडच्या जंगलात धनुष्यबाण घेऊन गेले होते. सोबत नानूराम नावाचा तिथला पटाईत मागकरी, जनावरांचा माग काढणारा. त्याने या पोराला थेट सांबरासमोर नेऊन उभं केलं. बाण नीट बसलाय का ते बघायला तात्यांनी मान खाली घातली आणि वर केली, तोवर समोर नुसतं गवत हलत होतं.

"बाण सुटला नाही याचं मला काही नाही रे," ते म्हणायचे. "पण मी त्याला बघितलंच नाही! आयुष्यभर पोरांना चित्रं शिकवली, पण सांबर एकदाही धड जमलं नाही."

आता त्यांचा डावा डोळा केव्हाच गेला होता आणि उजव्याचा भरवसा नव्हता. "काय बघायचं ते यंदाच बघून घ्या," असं डॉक्टरांनी दिवाळीआधी स्पष्ट सांगितलं होतं.

मग वेळ निवडणं आलं. बंदूकवाल्याला हिवाळाभर केव्हाही चालायचं, तो लांबून मारायचा. धनुष्यवाल्याला, आमच्यासारखंच, तीस पावलांपर्यंत जावं लागे, आणि सांबर एरवी शंभर पावलांवरून वास घेऊन पसार होतं. फक्त माजाच्या दहा-पंधरा दिवसांत नराला कशाची शुद्ध नसते. तो हुंकारतो, चिखलात लोळतो, झाडांना शिंगं घासतो आणि भर उन्हात उघड्यावर येऊन उभा राहतो. हे दिवस नेमके ओळखणारा आता एकच माणूस उरला होता, नानूरामचा मुलगा भेरूलाल. मी त्याला फोन लावला.

"अगहन बदी दसमी के आसपास आ जाओ, भिया," तो म्हणाला.

अगहन म्हणजे मार्गशीर्ष, बदी म्हणजे वद्य. मी स्वयंपाकघरातल्या मराठी कॅलेंडरात मार्गशीर्ष वद्य दशमी शोधली. पंचवीस डिसेंबर! कारखान्यालाही नेमकी त्याच आठवड्यात सुट्टी. मी स्वतःवर बेहद्द खूश झालो आणि वनखात्याचा परवाना त्याच तारखेचा काढला.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भेरूलालचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होतो.

"भिया, कब आ रिये हो? वो तो बोल रिया है!"

"तारीख तय है, अभी टाइम है," म्हणून मी फोन ठेवून दिला. घाईघाईत काय म्हणाला, कोण बोलतंय, एवढंही विचारलं नाही. ते पाच शब्द आज आठवले की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

नऊ डिसेंबरला सकाळी तात्यांच्या उजव्या डोळ्यात रक्तस्राव झाला. त्यानंतर लख्ख उन्हात त्यांना माणसाची आकृती कळायची, चेहरा कळायचा नाही. माईने, म्हणजे काकूने, जाऊ नका म्हणून परोपरीने विनवलं. "उजेड असला की दिसतं मला," असं म्हणून तात्यांनी स्वतःची पिशवी स्वतः भरली.

पंचवीस तारखेला सकाळी आम्ही भेरूलालच्या पाड्यावर पोचलो. भेरूलालने तात्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "भोत देर कर दी, तात्यासाब. वो तो महीना भर पेले बोल के चुप हो गया."

"अरे, अगहन बदी तुम्हीं ने कहा था!" मी उसळलो. "आज वही तो है!"

"आज तो पूस बदी है, भिया."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आपला महिना अमावास्येला संपतो, इकडच्या लोकांचा पौर्णिमेला. वद्य पक्षात त्यांचा महिना आपल्यापुढे एक असतो. आमच्याकडची गोकुळाष्टमी श्रावणातली, शेजारच्या शर्मांकडची भादोतली, म्हणजे भाद्रपदातली, दिवस मात्र एकच! हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. भेरूलालची पूस, म्हणजे पौष, बदी हा आपला मार्गशीर्ष वद्य, आणि त्याची अगहन बदी म्हणजे आपला कार्तिक वद्य. त्या दशमीला तात्यांचा उजवा डोळा शाबूत होता.

तात्या बुटाची नाडी चाचपत म्हणाले, "इंजिनिअर साहेब, आता आलोच आहोत, तर चला."

मला त्यांनी शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

माळावरची सांबरांची लोळायची जागा सुकून भेगाळली होती. सालटं सोललेल्या झाडांवरचा डिंक कडक झाला होता. भेरूलालने वाकून माती चिमटीत घेतली आणि मान हलवली. थकलेले नर आता खाली खोल दरीत, पाण्याजवळच्या गचपणात शिरले होते. महिन्यापूर्वी जे काम माळावर बसल्या बसल्या झालं असतं, त्यासाठी आता कडा उतरायचा होता.

पुढे भेरूलाल, मध्ये तात्या, मागे मी, आणि तिघांच्या कमरेला एकच दोर. दरीच्या अंगाने जाणारी वाट जेमतेम पाऊलभर रुंद होती, तिच्यावर सागाची वाळकी पानं पडलेली, आणि पानांखाली दगड आहे की पोकळी हे पाय टाकल्याशिवाय कळत नव्हतं. तात्या प्रत्येक पाऊल आधी काठीने चाचपत टाकत होते. तासाभराच्या त्या उताराला आम्हाला चार तास लागले.

अर्ध्यावर एक कपार होती. भेरूलाल थबकला. त्याने हात वर केला. आणि कपारीतून काळा लोळ बाहेर फुटला!

अस्वल!

ते मागच्या पायांवर उभं राहिलं. भेरूलालने कुऱ्हाडीचा दांडा खडकावर आपटत आरोळी ठोकली. तात्या दचकून मागे सरले. काठी सुटली. पायाखालचा दगड निखळला. दोराला हिसका बसला आणि मी पालथा पडलो! तात्या कड्याबाहेर लोंबकळत होते. मी एका हाताने सागाचं मूळ धरलं, दुसऱ्याने दोर. तळहात सोलून निघाला. "पाय टेकवा, तात्या! पाय!" मी ओरडलो. भेरूलालची आरोळी थांबत नव्हती. अस्वल एकदा फुरफुरलं, वळलं आणि दगड उडवत वरच्या अंगाला निघून गेलं. मग आम्ही दोघांनी मिळून तात्यांना वर ओढलं.

त्यांचा गुडघा फुटला होता. मी म्हटलं, परत फिरू. मला खरोखरच परतायचं होतं. मला माझ्या चुकीसकट घरी जायचं होतं.

"उजेड किती आहे?" तात्यांनी विचारलं.

"दो घंटे," भेरूलाल म्हणाला.

"मग बोलण्यात घालवू नका."

तळाला पोचलो तेव्हा वरच्या कड्यावर ऊन होतं, पण दरीत सावली भरली होती. पाण्याच्या डबक्याजवळ एका खडकाआड आम्ही बसलो. वारा तोंडावर येत होता. थंडीने तात्यांचे दात वाजत होते, म्हणून त्यांनी मफलर तोंडात धरला.

डावीकडचं गचपण हललं. तो आला!

काय जनावर होतं! महिनाभर लढून बरगड्या दिसत होत्या, मानेची आयाळ चिखलाने चिकटली होती, डावं शिंग मधोमध तुटलं होतं. तरी तो घोड्याएवढा थोराड होता. पाणी पिताना त्याने मान वर केली आणि थेट आमच्या दिशेने बघत राहिला. भेरूलालने तीन बोटं दाखवली. तीस पावलं.

मी तात्यांकडे बघितलं. ते श्वास रोखून, डोळे फाडून समोर बघत होते. समोर पळसाचं वठलेलं झाड होतं. सांबर त्यांच्या बरंच डावीकडे उभं होतं.

मी त्यांचा खांदा धरून हळूच वळवायला गेलो. त्यांनी माझा हात घट्ट दाबून धरला. "हलू नकोस," ते पुटपुटले. "दिसतंय मला."

त्यांचं तोंड पळसाकडेच होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते सांबर मी बघत होतो, ज्याला त्याचं काही नव्हतं! मिनिटभराने ते वळलं आणि गचपणात गेलं.

रात्र दरीतच काढून दुसऱ्या दिवशी आम्ही वर चढलो आणि भेरूलालला पाड्यावर सोडून निघालो. वाटेत लोहारद्याजवळ फोनला रेंज आली. मी गाडी बाजूला घेऊन माईला फोन लावून दिला.

"दिसलं गं!" तात्या ओरडलेच. "अगदी तीस पावलांवर! दोन्ही शिंगं अखंड, झाडाच्या फांद्यांसारखी! पोराने वेळ बरोबर साधली. विश्वास नसेल तर त्यालाच विचार."

त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. माई पलीकडे थांबली होती.

"हो माई," मी म्हणालो. "दोन्ही अखंड होती."