आत्याच्या बोटीचा रुसवा

"बंद पडली! बंद पडली! परत बंद पडली!"

भोंग्याचा आवाज तलावाच्या दोन्ही काठांवर पोचला असणार. सगळे त्याला भोंगा म्हणायचे ते काही उगीच नाही!

"अरे, आम्हीही बोटीतच आहोत!" लंबू धाकट्या भावावर खेकसला. "इंजिन बंद पडलंय, आमचे कान नाहीत!"

खार मात्र आत्याकडे बघत होती. आत्या सुकाणू धरून ताठ बसली होती आणि समोरच्या काळ्या खडकावरून तिची नजर हलत नव्हती. कालही बोट इथंच बंद पडली होती. परवाही इथंच!

खार सुट्टीसाठी काकांकडे आली होती. लंबू आणि भोंगा हे तिचे चुलतभाऊ. एखादी शंका मनात आली की ती फोडून आतला दाणा हाती लागेपर्यंत कुरतडत बसायची, म्हणून तिचं नाव खार पडलं होतं. आणि आत्या म्हणजे खारीची सगळ्यात लाडकी व्यक्ती! तलावापलीकडच्या लोकांना शहरात यायला केवढा तरी वळसा पडतो, म्हणून त्यांच्यासाठी आपण बोट चालवायची, असं आत्यानं कधीपासून मनात घेतलं होतं. कामावरून घरी आल्यावर ती पोहायला शिकली, बोट चालवायला शिकली, लेखी परीक्षाही पास झाली. मग तिनं दुकानातली नोकरी सोडली आणि ही जुनी बोट विकत घेतली. आता फक्त पाण्यातली परीक्षा उरली होती. बंदर कार्यालयाच्या अधिकारी बाई परवा यायच्या होत्या. त्यांच्यासमोर बोट नीट चालली तर परवाना, नाहीतर पुढच्या हंगामापर्यंत हात चोळत बसायचं. नोकरी तर गेलेलीच होती.

"बाजूला व्हा, बाजूला व्हा!" मेकॅनिक पुढं सरसावला. मुलांनी त्याचं नाव हातोडीमास्तर ठेवलं होतं. त्यानं इंजिनाला कान लावला, डोळे मिटले, एका नळीत फुंकर मारली आणि हातोडीनं उजव्या बाजूला ठण्ण करून ठोका दिला. मग मागच्या बाकाशेजारचं पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आत डोकावला.

हुस्स!

"पेट्रोल तर भरपूर आहे," म्हणत त्यानं झाकण घट्ट लावलं. "मारा आता बटण!"

आत्यानं बटण दाबलं. दोन आचके देऊन इंजिन धडधडायला लागलं.

"बघितलंत? नुसतं शिकून भागत नाही, हाताला गुण असावा लागतो!" हातोडीमास्तर मिशीत हसला.

"मेकॅनिककाका, तो हुस्स आवाज कसला आला?" खारीनं विचारलं.

"बोट सुस्कारा टाकते, बाळ! तुझ्यासारख्या प्रश्न विचारणाऱ्या पोरी बसल्या की टाकणारच!"

सगळे हसले. खार हसली नाही. तिचं कुरतडणं सुरू झालं होतं.

धक्क्यावर खारीचे काका वाट बघत उभे होते. काकांनी उभा जन्म शहराच्या पाणी खात्यात काढला होता, तोही गळती विभागात! जमिनीखालच्या पाइपाला कान लावून ते गळती शोधायचे आणि अशी बुजवायचे की पुन्हा तिथून थेंब येण्याची बिशाद नव्हती. निवृत्त झाले तरी भोक दिसलं की त्यांचा हात शिवशिवायचा. घरातली एक फट त्यांनी सोडली नव्हती. बहिणीनं जुनी बोट घेतल्यावर तर त्यांना पर्वणीच! आठवडाभर ते बोटीखाली, बोटीवर आणि बोटीच्या आत लोळत होते. भेगा बुजवल्या, बिजागऱ्या बदलल्या, टाकीच्या झाकणाला नवंकोरं रबर बसवलं आणि सगळ्या बोटीला निळाभोर रंग दिला. बोट अशी देखणी झाली की धक्क्यावरचे लोक थांबून बघायचे.

"परत तिथंच?" काकांनी विचारलं.

"परत तिथंच," आत्या म्हणाली.

"तो खडकच वाईट!" भोंगा ओरडला. "त्याच्यात लोहचुंबक असणार! इंजिन ओढून धरतो!"

"छट! ज्यानं बोट विकली त्यानं फसवलंय," लंबू म्हणाला. "आत्याच्या गळ्यात खराब माल मारला."

"मी त्याला फोन केला होता," आत्या म्हणाली. "तो शपथेवर सांगतो, त्याच्याकडे एकदाही बंद पडली नाही."

"खोटारडा!"

"आणि खरं बोलत असला तर?" खार हळूच म्हणाली. "आत्या, उद्या आपण उलट्या बाजूनं जाऊया? खडक शेवटी येईल असं."

हातोडीमास्तरनं कपाळाला हात लावला. पण आत्या म्हणाली, "जाऊया की! काय बिघडलं?"

दुसऱ्या दिवशी बोट उलट्या बाजूनं निघाली. खडक अजून कितीतरी लांब होता, आणि लव्हाळ्यांच्या बेटापाशीच इंजिनानं मान टाकली!

"खडक सुटला बिचारा!" लंबू म्हणाला.

हातोडीमास्तर कामाला लागला. खार त्याच्या हातांवरची नजर हलवत नव्हती. आज त्यानं नळी फुंकलीच नाही. हातोडी उजवीकडे न मारता डावीकडे मारली, तीसुद्धा दोनदा. पण शेवटी टाकीचं झाकण मात्र उघडलं. हुस्स! आणि इंजिन सुरू!

"लंबू, हातोडीचा काही संबंध नाहीये," खार कुजबुजली. "ते सगळं कावळा बसायला आणि फांदी मोडायला! खरी गंमत झाकणात आहे."

"काय गंमत?"

"तेच तर कळत नाहीये!"

हातोडीमास्तरचे कान तिखट होते. "ताई, उद्या परीक्षेला ही पोरं बोटीत नकोत," तो आत्याला म्हणाला. "यांच्या कटकटीनं इंजिन बावचळतं. आणि खरं सांगू? इंजिनच म्हातारं झालंय. उद्या कसंबसं निभावून नेतो, पण नंतर नवं घ्यावं लागेल."

आत्याचा चेहरा उतरला. नवं इंजिन कुठून आणणार होती ती? पण आवाज तसाच शांत ठेवून ती म्हणाली, "उद्याचं उद्या बघू." खारीला त्या क्षणी आत्याचा फार अभिमान वाटला.

परीक्षेच्या सकाळी मुलांना घरीच थांबायला सांगितलं होतं. काका आणि हातोडीमास्तर मात्र आत्याबरोबर बोटीत जाणार होते. काकू अधिकारी बाईंसाठी चहा करून थर्मासमध्ये भरणार होती.

"खारूताई, तेवढा दुधाचा डबा फोड बघू," काकू म्हणाली.

खारीनं घट्ट दुधाच्या डब्याला टोच्यानं एक भोक पाडलं आणि डबा पातेल्यावर उपडा केला. दुधाची जरा धार आली, बारीक झाली आणि थांबली. तिनं डबा हलवला. एक थेंब! अजून एक!

"अगं, एका भोकानं काय होतंय!" काकू हसली. "समोर दुसरं पाड. आत हवा जायला नको? हवा आत गेली तरच दूध बाहेर येणार!"

खारीनं दुसरं भोक पाडलं. धो धो दूध पडायला लागलं. काकू "पुरे, पुरे!" करत राहिली, पण खार डबा धरून पुतळ्यासारखी उभी! पातेलं काठोकाठ भरलं तेव्हा कुठं ती भानावर आली.

"टाकी!" ती किंचाळली. "टाकीत हवाच जात नाहीये! पेट्रोल संपत जातं, पण त्याच्या जागी हवा येत नाही, म्हणून रोज तेवढंच अंतर गेलं की पुढचं पेट्रोल अडतं! झाकण उघडलं की हवा आत घुसते. हुस्स! लंबू, भोंगा, पळा!"

ते धक्क्यावर पोचले तेव्हा निळी बोट केव्हाच निघाली होती.

"आत्याऽऽऽ!" भोंग्यानं सगळा जीव आवाजात ओतला. पण इंजिनाच्या धडधडीपुढं आज त्याचंही काही चाललं नाही.

"वल्ह्यांची होडी!" लंबू म्हणाला. "आपल्याला तिची परवानगी आहे. जाकिटं घाला आधी!"

लंबू वल्ही मारायला लागला की बघत राहावं! होडी सपसप पाणी कापत निघाली. वारा वाढला होता. समोर निळी बोट काळ्या खडकाकडे जात होती. आणि मग तिचा आवाज थांबला.

"बंद पडली," भोंगा म्हणाला. यावेळी तो ओरडला नाही.

वारा बोटीला खडकाकडे ढकलत होता. तेवढ्यात आत्या उठली. ना घाई, ना आरडाओरडा. तिनं नांगर पाण्यात सोडला, दोर ओढून तो धरल्याची खात्री केली, मग एकेकाच्या जाकिटाचे पट्टे तपासले. बोट डुलली, आणि खडकापासून सुरक्षित अंतरावर थांबली.

मुलं जवळ पोचली तेव्हा बोटीत वेगळाच गोंधळ चालला होता. हातोडीमास्तर घामाघूम झाला होता. हातोडी उजवीकडे मारून झाली, डावीकडे मारून झाली. आता तो टाकीच्या झाकणाकडे वळला.

"हात लावायचा नाही!" अधिकारी बाई कडाडल्या. "बोटीत माणसं असताना पेट्रोलची टाकी उघडायची नसते! एवढा साधा नियम माहीत नाही तुम्हाला?"

हातोडीमास्तरचा हात हवेतच राहिला.

"उघडायची गरजच नाही!" खार होडीतून ओरडली. "काका, टाकीला बाहेरून कुठं एखादं भोक होतं का? बारीकसं?"

"होतं ना!" काकांची कळी खुलली. "इथं, बाहेरच्या अंगाला. पेन्सिल जाईल एवढं! मी म्हटलं, बोटीला भोक ठेवतात का कुठं? चांगली लाकडी गुट्टी ठोकली, वर भेगा बुजवायची लांबी भरली, वर दोन हात रंग दिला. आता हवासुद्धा आत जायची नाही!"

अधिकारी बाईंनी काकांकडे बघितलं. मग आत्यानं बघितलं. हातोडीमास्तरनंही बघितलं.

"हवा..." काका पुटपुटले. "अरे देवा! हवा आत जायची नाही!"

लंबूनं होडी बोटीला लावून धरली. खारीनं निळ्या रंगावरून हात फिरवला. बोटांना एक बारीक उंचवटा लागला. तिनं लंबूच्या चाकूनं रंग आणि लांबी खरवडली. आतून लाकडाचं टोक दिसलं, पण काकांचं काम ते! गुट्टी तसूभर हलेना.

"थांब, थांब, मी बसवलेली आहे ती. अशी नाही निघायची." काका पोटावर आडवे होऊन काठावरून खाली वाकले आणि खिशातली पकड त्यांनी खारीच्या हातात दिली. "पिळत पिळत ओढ. डावीकडं. शाब्बास!"

हुस्सऽऽऽ!

गुट्टी निघाली आणि टाकीनं लांबलचक श्वास घेतला. मुलांची होडी बाजूला झाल्यावर आत्यानं बटण दाबलं. इंजिनानं एक आचका दिला, दुसरा दिला आणि ते धडधडायला लागलं.

"मी हेच म्हणणार होतो," हातोडीमास्तर म्हणाला.

"कधी? पुढच्या सुट्टीत?" भोंग्यानं विचारलं.

अधिकारी बाई हसल्या नाहीत. "परीक्षा संपलेली नाही," त्या म्हणाल्या. "तलावाला पूर्ण फेरी मारायची. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही. मुलांनो, तुम्ही धक्क्यावर जा."

धक्क्यावर बसून खार बघत राहिली. बोटीनं खडक मागं टाकला. लव्हाळी मागं टाकली. पुन्हा खडक! खारीनं लंबूचा दंड इतका घट्ट धरला की तो "आई गं!" करून ओरडला. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. इंजिनाचा सूर जरासुद्धा बदलला नाही.

बोट धक्क्याला लागली. अधिकारी बाई उतरल्या. "आधी त्या भोकाला खाली वाकलेली नळी बसवा," त्या काकांना म्हणाल्या. "म्हणजे हवा जाईल, पाणी जाणार नाही."

"आत्ता बसवतो! या मिनिटाला!" काका म्हणाले. "बाई, चूक सगळी माझी आहे. माझ्या बहिणीला त्याची शिक्षा नको."

"शिक्षा?" अधिकारी बाई आता पहिल्यांदा हसल्या. "अहो, इंजिन कुणाचंही बंद पडतं. बंद पडल्यावर बोट चालवणारा काय करतो, ते मी बघते. ऐन वाऱ्यात, खडक समोर असताना तुमच्या बहिणीनं जे केलं, ते भल्याभल्यांना जमत नाही. परवाना आजच मिळेल. आणि ही मुलगी कोण? हिचं डोकं फार छान चालतं!"

"माझी भाची," आत्या म्हणाली.

"जाकीट घालून आलात, तेही बघितलं मी," बाई लंबूला आणि भोंग्याला म्हणाल्या. दोघांचीही छाती फुगली. काकांनी तिघांना एकदम मिठीत घेतलं. हातोडीमास्तरनंसुद्धा खारीच्या डोक्यावर टपली मारून "हुशार आहे पोरगी," असं कबूल केलं.

सगळे चहाला गेल्यावर आत्या एकटीच बोटीत बसून राहिली. खार तिच्याशेजारी जाऊन बसली. आत्याचे डोळे भरून आले होते.

"तुला सांगू का गं," आत्या म्हणाली, "बोट रोज बंद पडायची, तेव्हा मला वाटायचं, इंजिन बिंजिन काही नाही, माझंच काहीतरी चुकतंय. हे काम आपल्याला जमणारच नाही. कुणाला बोलले नाही मी."

"आत्या! तू नांगर टाकत होतीस तेव्हा मी बघत होते. मोठी झाल्यावर मला अगदी तुझ्यासारखं व्हायचंय!"

आत्यानं तिला जवळ ओढलं. ग्रीसनं माखलेला आत्याचा हात खारीच्या गालाला लागला, आणि तिनं तो डाग पुसला नाही.

"चल, बोट धुऊन घेऊ," थोड्या वेळानं आत्या म्हणाली. "उद्या सकाळी माणसं येतील. आणि पहिल्या फेरीला तू माझ्याशेजारी बसायचंस."