बुंदीची रिकामी वाटी

वाटी रोज रिकामी होत होती आणि बुंदी रोज वाळत चालली होती. हे गणित डॉ. श्रीधर बोरवणकरांना काही केल्या सुटत नव्हतं.

तसं हल्ली त्यांना कुठलंच गणित चटकन सुटत नव्हतं. चंद्रावरच्या वस्तीत आठवडाभर सूर्य मावळला नव्हता आणि खाणीतून दगडांचे नमुने येतच होते. दगड तपासता तपासता या खडकांच्या शास्त्रज्ञाची पाठ आणि कंबर पार आंबून गेली होती. घरी येऊन जरा आडवं व्हावं, तर दारातच त्यांची नात कस्तुरी बुंदीचा, म्हणजे तिच्या उंदरासारख्या पाळीव हॅमस्टरचा, पिंजरा मांडीवर घेऊन बसलेली. तिचे आईबाबा दूरच्या खाणीवर गेले होते, त्यामुळे सगळी भिस्त आजोबांवर.

"आजोबा, बुंदी नुसती कुबड काढून बसलीये. खेळत नाही, काही नाही."

"वाटी रिकामी. प्रकृती उत्तम," घरकाम करणारा यंत्रमानव खंडू खणखणीत आवाजात म्हणाला.

"तू गप रे!" कस्तुरी खेकसली. "आणि आजोबा, हे बघा." पिंजऱ्यातल्या कागदी भुशावर गुलाबी, ओलसर ठिपके होते.

आजोबांनी उसासा टाकला. खरं सांगायचं तर त्यांना क्षणभर बुंदीचा रागच आला. पण नातीचे डोळे भरले होते. वस्तीत प्राण्यांचा डॉक्टर नव्हता, म्हणून त्यांनी थेट पृथ्वीवर, मिरजेच्या डॉ. शबनम मुजावरांना गाठलं. बोललेलं तिथं पोचून उत्तर परत यायला अडीच-तीन सेकंद लागत. दमलेल्या माणसाला तेवढेही जड जातात.

"लेंड्या किती दिसताहेत?" डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला.

कस्तुरीने भुसा चाळला. मोजक्याच होत्या, बारीक आणि कोरड्या.

"मग तिचं घरटं उपसून बघ."

घरट्याखाली दाण्यांचा हा एवढा ढीग निघाला!

"हॅमस्टरच्या गालांना आतून पिशव्या असतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ती त्यात दाणे भरते आणि लपवून ठेवते. बुंदी खात नाहीये गं, नुसती साठवतेय. पोटात काय गेलं ते वाटीला कुठून कळणार? ते लेंड्या सांगतात. दुखायला लागलं की हे जीव खाणं सोडतात, आणि खाणं सुटलं की आतडंही मंदावतं."

"पण दुखतंय कुठे?"

"त्या गुलाबी ठिपक्यांत रक्त असणार. हॅमस्टर मूळचा कोरड्या प्रदेशातला. पाणी वाचवायला त्याची मूत्रपिंडं (रक्तातला कचरा पाण्याबरोबर बाहेर टाकणारे अवयव) लघवी दाट करतात. त्यामुळे ती पांढरट दिसली तर घाबरायचं नाही. लाल दिसली, किंवा तो कुंथायला लागला, तर मात्र थांबायचं नाही. बोरवणकर, एक थेंब भिंगाखाली बघता?"

आजोबांनी बघितलं आणि त्यांची झोप उडाली. ही तर त्यांच्याच ओळखीची मंडळी! टोकदार, चकचकीत स्फटिक (ठरावीक आकारात जमून घट्ट झालेले क्षार).

"कस्तुरी, आपल्या किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो ना? पाण्यात क्षार विरघळलेले असतात. पाणी कमी झालं, किंवा क्षार फार झाले, की ते विरघळलेले राहू शकत नाहीत. मग त्यांचे कण होतात आणि कणावर कण बसून खडा होतो. बुंदीच्या मूत्राशयात (लघवी साठवणाऱ्या पिशवीत) तेच झालंय."

"हे कॅल्शियमचे दिसतात," आजोबांनी पाठवलेलं चित्र बघून डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण एवढं कॅल्शियम आलं कुठून? आणि पाणी किती पिते ती?"

कस्तुरीचा चेहरा उतरला. चंद्रावर वजन कमी भरतं, हाडांना काम राहत नाही आणि ती ठिसूळ होतात. म्हणून वस्तीत सगळे कॅल्शियमची भुकटी घेत. बोरवणकरांच्या घरी तर ती जिभेवर ठेवल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही, असा आजोबांचा दंडक होता. पाणी शुद्ध करणारं यंत्र बिघडल्यापासून त्यांनी दुसरा नियम काढला होता: पेला अर्धाच भरायचा.

"बुंदीपण आपल्या घरातलीच ना," कस्तुरी पुटपुटली. "मी तिच्या दाण्यांना भुकटी चोळायचे. बाटलीपण अर्धीच भरायचे. आजोबा, आता ती मरणार का? माझ्यामुळे?"

आजोबांना फार वाईट वाटलं. "नियम माझे होते, बाळा. माणसांसाठी केलेले. तू ते इमानदारीत पाळलेस, एवढंच."

डॉक्टरबाईंनी काही लपवलं नाही. खडा मोठा असेल तर शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि एवढ्याशा जिवाला ती झेपेलच असं नाही. बारीक कच असेल तर पाण्याबरोबर निघून जाईल. त्यांनी सांगितलं तसं वस्तीच्या दवाखान्यात बुंदीच्या कातडीखाली सलाईन दिलं गेलं, दुखण्यावर थेंबभर औषधही. भुकटी बंद झाली. बाटली काठोकाठ भरली.

मग घरी परतल्यावर उरलं ते वाट बघणं. आजोबा खुर्चीत, कस्तुरी पिंजऱ्यापाशी. दोघंही पार थकलेली. खिडकीबाहेरचं ऊन हलायला तयार नव्हतं.

"लेंडी!" कस्तुरी एकदम ओरडली. "आजोबा, लेंडी! चांगली जाडजूड!"

शेजारी भुसा चिंब भिजला होता आणि त्यात रव्यासारखी पांढरी कच चमकत होती. बुंदीने अंग झटकलं, एक दाणा उचलला आणि या वेळी तो चक्क चावून खाल्ला. कस्तुरी हसता हसता रडली. आजोबा टाळी द्यायला उठले आणि कंबर धरून पुन्हा खाली बसले.

कस्तुरी त्यांच्याकडे बघत राहिली.

"आजोबा, भुकटी तुम्हीपण घेता ना? आणि पेला तुमचापण अर्धाच?"

"म्हणजे काय, नियम..."

"मग आज शू किती वेळा झाली?"

आजोबा हसायला लागले आणि मध्येच थांबले. आठवेना. काल गडद पिवळी होती, एवढं मात्र आठवलं. गेले कित्येक दिवस ते ज्याला थकवा म्हणत होते, तो कदाचित नुसता थकवा नव्हता.

"उद्या दवाखान्यात जाऊ," ते हळूच म्हणाले. "माझाही एक थेंब भिंगाखाली घालू."

कस्तुरीने पेला काठोकाठ भरून आणला. आजोबा सवयीने अर्ध्यावर थांबले. ती कमरेवर हात ठेवून तशीच उभी राहिली. शेवटी त्यांनी तो संपवला.

"पेला रिकामा. प्रकृती उत्तम," खंडू म्हणाला.

"ते उद्या कळेल," कस्तुरी म्हणाली, आणि तिने पेला पुन्हा भरला.