मागची कडी

सांगते, पण मध्ये शहाणपणा शिकवू नका. नात म्हणाली, "आजी, कडा चढणं हे तुझं काम नाही." झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या जुन्या दगडी गावामागच्या कड्याखाली हेल्मेट घालून उभी. वय एकाहत्तर. चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केली, कुणाच्या हाताखाली न शिकता.

कड्यावर लोखंडी तार ठोकलेली, पायांना लोखंडी पायऱ्या. माझ्या कमरेच्या पट्ट्याला दोरीनं बांधलेल्या दोन स्प्रिंगच्या कड्या, तारेत अडकवायच्या. वाटाडी पोरगी तिशीची, पण हात असा चालायचा की बघत राहावं.

"मावशी, तारेवर खिळा आला की कडी अडते. तिथं एक काढून पलीकडे लावायची. मग दुसरी. दोन्ही एकदम कधीच नाही."

"बहिरी नाही गं मी."

ती पुढे, मी मागे. अर्ध्या वाटेवर धुकं आलं. गाव पुसलं गेलं. ओल्या लोखंडाचा वास नाकात बसला. आणि माझ्या खालून आवाज आला... टक. थोड्या वेळानं पुन्हा, टक. कुणीतरी कड्या बदलत वर येत होतं. स्प्रिंग जुनी, तेल न पाहिलेली. पण हात? एक ठोका वाया नाही. कुलपांवर तयार झालेला कान माझा, फसायचा नाही.

"मागे कोण आहे गं?"

"कोणी नाही मावशी... आपण दोघीच."

असा कारागीर मागे असताना मी धडपडत जाऊ? पुढच्या खिळ्याशी तोऱ्यात दोन्ही कड्या एकदम काढल्या. आणि पाय निसटला.

एका हातानं पायरीला लोंबकळत होते. बोटं सुटत चालली. तेवढ्यात खांद्यावरून एक हात आला. लोकरीचा भिजका मोजा, टोकं झिजलेली. त्यानं माझ्या मुठीतली कडी घेतली आणि तारेत बसवली, इतकी अलगद की आयुष्यात एकही कुलूप मला तसं लावता आलं नाही. मग बोटं सुटली. पट्ट्याचा हिसका बसला, पण मी तारेवर तरले.

तोंडातून "वा!" निघालं. भीती मागाहून आली.

पोरीनं मला ओढून पायरीवर घेतलं आणि उरलेला कडा चढवून माथ्यावर नेलं. तार तिथंच संपते. आम्ही दोघी धापा टाकत बसलो.

टक.

मग अगदी जवळ... टक.

तिनं माझा दंड धरला. कुजबुजली, "सरका मावशी... त्यांना वाट द्या."

सरकले. भिजल्या लोकरीचा वास दोघींच्या मधून गेला. पुढची टक आमच्या डोक्यावरून ऐकू आली. त्यानंतरची त्याहून वर, जिथं कडा नव्हता, तार नव्हती, नुसतं धुकं होतं.